काळ्या पाटीवर झेंडूची माळ

बाळासोंना एक दिवसासाठी गाडी भाड्यानं हवी होती आणि गाडीवाल्या पृथ्वीराजला गाडीबरोबर विमाही गळ्यात घालायचा होता.

"काका, सातशे जादा भरा. मग गाडीला काय बी झालं तरी तुमच्या डोक्याला ताप न्हाय. न्हाईतर साधा वरखडा आला तरी डिपॉझिटातनं कापणार."

"घ्या की," शालूबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"वीस वर्सं दूध संघाची जीप हाकली. एक वरखडा दाखव," असं म्हणत बाळासोंनी 'विमा नको'च्या खाली झोकात सही केली.

लेकीचं, क्रांतीचं, कुरुंदवाडच्या मुलाशी जवळपास जमलं होतं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. आज फक्त त्यांचं घर बघून यायचं होतं. मोटारसायकलवरून गेलो तर मुलीच्या बापाला हलकं धरतील, असं बाळासोंचं पक्कं मत. भाड्याची गाडी ओळखू आली तर अब्रू तिथंही जाणारच. आणि भाड्याच्या गाडीची पाटी काळी, त्यावर आकडे पिवळे, म्हणजे लांबूनच बोंब. म्हणून त्यांनी वाटेत झेंडूच्या दोन जाड माळा घेतल्या आणि दोन्ही पाट्यांवर घट्ट बांधल्या.

सही केल्यापासून मात्र त्यांना रस्त्यातला प्रत्येक दगड आपल्यावरच टपलाय असं वाटत होतं. गाडी तीसच्या पुढं जाईना. उसाचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवत पुढं निघून गेले.

"एसटीनं गेलो असतो तर आतापतुर जेवून परत आलो असतो," शालूबाई म्हणाल्या.

कुरुंदवाडात पोचल्यावर बाळासोंनी शेवग्याचं झाड टाळलं, म्हैस टाळली आणि गाडी अंगणाच्या बरोबर मधोमध लावली. व्याही सयाजीराव हात जोडून पुढं आले. त्यांनी दोघांना नव्याकोऱ्या मरून सोफ्यावर बसवलं. चहा आला.

तेवढ्यात मुलाचे आजोबा, आकारामअण्णा, दारातून डोकावले. ते एकेकाळचे पैलवान. दंडात जोर अजून होता, नजर मात्र पार गेली होती. तरी अंगणातल्या गाडीवरचा झेंडूचा पिवळा ढीग त्यांना दिसला.

"पावणं, नवी गाडी घेतलीसा व्हय? माळ हाय म्हणजे पूजा राहिल्या जणू."

नाही म्हणावं तर माळ का, हे सांगावं लागणार. बाळासो नुसते हसले आणि अंगणात आले. घरातून लिंबं आली, हळदकुंकू आलं, नारळ आला. चाकाखाली लिंबं ठेवली गेली, पुढं दगड मांडला गेला. अण्णांनी नारळ गाडीवरून ओवाळला आणि दगडावर हाणला. दगड खाली राहिला. नारळ बॉनेटवर बसला आणि बॉनेट आत गेलं.

"नारळ कच्चा दिसतोय," अण्णा म्हणाले. "दुसरा आणा."

गाडी स्वतःची असती तर बाळासोंनी अण्णांचा हात धरला असता; आता थांबवावं तर माळेचं खरं कारण सांगावं लागणार. दुसऱ्या नारळानं उजवा दिवा खळ्ळकन गेला. तो आवाज ऐकून आत शालूबाईंच्या हातातला कप कलंडला आणि चहा सोफ्यावर पसरला. दारात उभ्या सयाजीरावांचा चेहरा पांढराफटक पडला.

"फुटला," अण्णा समाधानानं म्हणाले. "आता ह्या गाडीला आयुष्यात काय बी हुणार न्हाय. आणा तिसरा, डाव्या बाजूनं काय घोडं मारलंय?"

आता बाळासोंच्यानं राहवेना. लेकीचं लग्न मोडलं तर मोडलं, म्हणत त्यांनी माळ तोडली.

"सयाजीराव, गाडी माझी न्हाय. भाड्याची हाय. तुमच्यापुढं मोठं दिसावं म्हणून आणली." बोलताना त्यांना इतकी लाज वाटली की मान वर होईना.

सयाजीरावांनी काळ्या पाटीकडं बघितलं. मग त्यांनी आत सोफ्यावरच्या डागाकडं बघितलं.

"सोफा बी," ते हळूच म्हणाले. "मंडपवाल्याचा हाय. सांजच्याला परत द्यायचाय."

पहिल्यांदा हसल्या त्या शालूबाई. मग सगळेच खाली घोंगड्यावर बसले आणि लग्नाची तारीख तिथंच ठरली.

पंधरा दिवसांनी बाळासो साखरपुड्यासाठी पुन्हा पृथ्वीराजकडं गेले. त्यानं भीतभीतच कागद पुढं केला.

"काका, विमा?"

"घेतो की," बाळासो म्हणाले. "पर त्यात आजोबा धरत्यात का, तेवढं आधी बघ."