काकाच्या स्पीकरचा डावा हात

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावरच्या इराच्या घरात भांडणाचा विषय एकच होता: गॅलरी. चार बाय सात फुटांची ती जागा आईच्या मते कपड्यांची, कुरडयांची आणि तुळशीची होती. इराच्या मते तो कारखाना होता. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत तिथे प्लायवूडचे तुकडे, गोंदाचा डबा आणि करवत येऊन बसली ती बसलीच. सुट्टी संपली, संक्रांत आली, तरी कारखाना हलेना.

"इरा, माझ्या धुतलेल्या साडीवर भुसा!"

"आई, तो भुसा नाही गं, प्रोग्रेस आहे."

"मग तुझी प्रोग्रेस झाडून घे आधी. आणि जुन्या उशीतला कापूस कुठे गेला?"

कापूस स्पीकरच्या पोटात गेला होता. इरा दोन स्पीकर बनवत होती. स्वतः, घरी, मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि बोटाला तीन पट्ट्या लावून. मोठ्या महागड्या स्पीकरमध्ये जाड आवाजाला एक भोंगा, बारीक आवाजाला दुसरा, असा सगळा सरंजाम असतो. इराच्या पेटीत मात्र चार इंचांचा एकच भोंगा होता. ढोलकीही त्यानेच वाजवायची आणि बासरीही त्यानेच.

"म्हणजे तुझ्यासारखाच की," तिने आईला समजावलं होतं. "घरातली सगळी कामं एकटाच करतो."

"मग कंबर धरेल त्याची," आई म्हणाली.

ते भोंगे तिने उल्हासनगरच्या बाजारातून आणले होते, खेमचंदकाकांच्या बोळकंडीएवढ्या दुकानातून. खेमचंदकाकांनी एक भोंगा तळहातावर घेऊन पेढ्यासारखा तिच्यासमोर धरला होता. "बेटी, दिखने में छोटा है, पर गाएगा. बस एक बात याद रख. लाल को लाल, काले को काला. बाकी भगवान देख लेगा." इराने ते वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. शाळेतलं बाकी काही तिने इतक्या मनापासून कधी लिहून घेतलं नव्हतं.

पेट्या तयार झाल्या, वाजल्या आणि खरंच गायल्या. इरा तिथेच थांबली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण त्याच दिवशी उन्मेषकाकाने घरच्या ग्रुपवर त्याच्या स्पीकरचा फोटो टाकला. उन्मेषकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, बदलापूरला सोनिवलीच्या नव्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहणारा. दसऱ्याला त्याने दोन लाखांचे स्पीकर घेतले होते. छातीएवढे उंच, काळेभोर, दाराशी दोन हवालदार उभे करावेत तसे. तेव्हापासून आठवड्याला एक फोटो यायचा आणि खाली ओळ असायची: 'याला म्हणतात क्लॅरिटी.'

इराने लिहिलं: 'माझे यापेक्षा भारी वाजतात. साडेतीन हजारात 😎'

दहा मिनिटांत काकाचा फोनच आला. "रविवारी जेवायला या सगळे. आणि ती तुझी खोकी घेऊन ये. पडदा लावू, पडद्यामागे दोन्ही वाजवू. कळू दे एकदाचं!"

फोन स्पीकरवर होता. आईने कणीक मळता मळता सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, "चालेल. इरा जिंकली तर गॅलरी तिची. हरली तर सोमवारी सगळं भंगारात, आणि दहावी होईपर्यंत करवत दिसता कामा नये."

"डन!" इरा म्हणाली. आदल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून तिने विज्ञानाच्या सरांची आकृती दुरुस्त केली होती. सध्या ती कशालाही 'डन' म्हणत होती.

रविवारी रिक्षात बाबा पुढे, आई आणि इरा मागे आणि दोघींच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली एकेक पेटी, अशी वरात निघाली. रिक्षावाल्याने आरशातून तीनदा पाहिलं. शेवटी त्याला राहवेना. "ताई, मांजर हाय काय आत? मागच्या टायमाला एकानं रिक्षात घाण केली होती."

"स्पीकर आहेत, काका. मी बनवलेत."

"मग वाजवा की! माझा बंद पडलाय."

काकाच्या घरी तयारी जय्यत होती. हॉलमध्ये दोरीवर डबल बेडची चादर टांगलेली, पलीकडे दोन हवालदार. काका स्वतः झब्बा घालून उभा. इराने आपल्या पेट्या हवालदारांशेजारी ठेवल्या, तेव्हा त्या त्यांचे जेवणाचे डबे वाटत होत्या.

"अगं, किती गोड!" काका म्हणाला.

गोड! इराची कानशिलं तापली. तिने वाद न घालता तारा जोडल्या. लाल को लाल, काले को काला.

पडद्यामागे बाबा बसणार होते. बाबा कारखान्यात तपासणी विभागात होते आणि घरी लाडूसुद्धा घेराचा अंदाज घेतल्याशिवाय तोंडात टाकत नसत. दोन्ही स्पीकरचा आवाज सारखा भरतो की नाही हे त्यांनी फोनवर मोजून घेतलं. काकाच्या यंत्रावर एक खटका होता: इकडे केला की हवालदार, तिकडे केला की डबे.

"पण निकाल देणार कोण?" आईने विचारलं. "कुंदा तुझी बायको, मी हिची आई."

एवढ्यात बेल वाजली. दारात आण्णा. सोनिवली गावातले, दर रविवारी टॉवरमध्ये शेतातली भाजी घेऊन येणारे. चाळीस वर्षं गावच्या भजनात ढोलकी त्यांच्याच मांडीवर होती. काकाने त्यांच्या हातातली पालकाची जुडी काढून घेतली आणि त्यांना सोफ्यावर बसवलं.

"आण्णा, दोनदा गाणं वाजेल. कुठलं बरं वाजलं, एवढंच सांगायचं."

"एवढंच ना? मंग ढोलकीवालं लावा. बाकीच्यातलं मला काय कळत नाय."

गाणं लागलं. पहिला खटका. आण्णा डोळे मिटून ऐकू लागले. थोड्या वेळाने त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

"काय झालं, आण्णा?"

"वाजिवनाऱ्याचा डावा हात मोडलाय काय?"

"म्हणजे?"

"ढोलकी दोन हातानं वाजिवतात, साहेब. उजव्या अंगाला टिकटिक, डाव्या अंगाला धुम्म. ह्याची नुसती टिकटिक येतेय. धुम्म कुठं गेला?"

काकाने इराकडे बघून दयाळूपणे मान हलवली. पोरीचे डबे, बिचारे.

दुसरा खटका. तेच गाणं. आणि आण्णांची मांडी आपोआप हलायला लागली. "हां! आता कसा! ह्याचे दोनीबी हात शाबूत हायत. हाच भारी."

"ऐकलंत?" काका मांडीवर थाप मारून उठला. "शेवटी दोन लाख ते दोन लाख! दादा, काढ पडदा!"

बाबांनी चादर बाजूला केली. खटका डब्यांवर होता.

काकाच्या हातातली पालकाची जुडी खाली पडली.

"गाणं चुकीचं होतं," काका म्हणाला. गाणं बदललं. आण्णांचा निकाल तोच. "चादर मधे येते." चादर काढली, आण्णांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. निकाल तोच. "लाइटचं व्होल्टेज कमी आहे आज." बाबांनी तेही मोजलं. बरोबर होतं.

"आण्णा, तुम्हाला क्लॅरिटी नाही का जाणवत?" काकाचा आवाज चिरकला.

"जानवते की. मटनाच्या रश्श्यातून मटन काढलं तर रस्सा किलियरच दिसनार."

आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. इराने हॉलच्या मधोमध उभं राहून स्वतःभोवती एक गिरकी घेतली. गॅलरी! तिची! कायमची! मनातल्या मनात तिने तिथे फळ्या ठोकल्या, दिवा लावला, दारावर पाटीसुद्धा लावली. मग ती आपल्या तारा सोडवायला मागे गेली आणि तिथेच तिचा घात झाला.

हवालदारांच्या पाठीला तारा जोडायच्या दोन-दोन गुंड्या होत्या. एक लाल, एक काळी, अशा त्या असायला हव्यात. पण दोन्ही हवालदारांची एकेक गुंडी लाल होती आणि दुसरी चक्क पिवळी. पिवळी गुंडी कुठल्याच व्हिडिओत नव्हती. इराने डाव्या हवालदाराच्या पिवळ्या गुंडीवर बोट घासलं. बोट पिवळं झालं आणि आतून गुंडी लाल निघाली. मग तिने लाल गुंडीवर बोट घासलं. आतून काळी.

"काकू," तिने हळूच विचारलं, "या स्पीकरना तू काही लावलं होतंस का गं?"

"लावणार नाही तर काय?" कुंदाकाकू पोळ्या लाटता लाटता बाहेर आली. "दसऱ्याची नवी वस्तू! ओल्या हळदकुंकवाची बोटं लावली. पुढून लावणार होते, तर हे किंचाळले, जाळीला हात लावायचा नाही म्हणून. मग म्हटलं, देवाला काय पुढचं नि मागचं? मागे या दोन गुंड्या छान दिसत होत्या, जोडीने बसलेल्या. एकीला हळद, एकीला कुंकू."

"आणि काकाने तारा कधी जोडल्या?"

"पूजेनंतर. पूजेआधी कोण सुरू करतं?"

इराने उजव्या हवालदाराच्या गुंड्याही घासून पाहिल्या. तिथे नशिबाने हळद काळीवर आणि कुंकू लालवर पडलं होतं. डाव्यावर उलटं. काकाने लाल दिसेल तिथे लाल तार लावली होती. त्यामुळे एका हवालदाराचा भोंगा पुढे ढकलत होता तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढत होता आणि दोघांच्या रस्सीखेचीत सगळा धुम्म हवेतल्या हवेत खलास होत होता. दसऱ्यापासून काका त्यालाच क्लॅरिटी म्हणत होता.

हे एकट्या इराला कळलं होतं. काका सोफ्यावर कपाळाला हात लावून बसला होता. आई आतून ओरडून सांगत होती, "बरं बाई, तुझी गॅलरी!" फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं इराला तसं कधीच जमलं नव्हतं, पण आज तिने मनापासून प्रयत्न केला. चांगले पंधरा-वीस सेकंद.

मग आण्णा म्हणाले, "पोरी, तुझी खोकी लय झ्याक. सच्ची वाजतात." आणि त्या 'सच्ची'ने घोटाळा केला.

"काका, ऊठ," इरा म्हणाली. "तुझ्या ढोलकीवाल्याचा हात मोडला नाहीये. बांधून ठेवलाय."

तिने गुंड्या पुसल्या, तारांची अदलाबदल केली आणि स्वतःच्या हाताने खटका हवालदारांवर टाकला.

धुम्म!

सोफा हलला. खिडकीची काच थरथरली. आण्णा उभेच राहिले. "आला! डावा हात आला! अरे, हा तर देवळात बसल्यावानी वाजतोय!"

काकाच्या डोळ्यांत पाणी आलं. इराने ऐकलं आणि तिला मान्य करावंच लागलं. तिचे डबे चांगले होते, पण हे म्हणजे गाणारा समोर येऊन बसल्यासारखं होतं.

"हे भारी आहेत, काका," ती म्हणाली.

आई दारात येऊन उभी राहिली. ओले हात पुसत तिने एवढंच विचारलं, "म्हणजे गॅलरी..."

तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत शोकेसमधला काकूच्या लग्नातला टी-सेट नाचायला लागला. सहा कप रांगेत पुढे सरकले. पाच काचेशी थांबले. सहाव्यासमोर काच नव्हती.

खळ्ळ!

पाठोपाठ इंटरकॉम वाजला. खालच्या मजल्यावरची विनिता. तिचं बाळ उठलं होतं. तिची सासूही उठली होती, आणि सासूला झोपवणं जास्त अवघड होतं.

काकू लाटणं घेऊन हॉलच्या मधोमध आली. "पुन्हा होते तसे लावा."

"अगं, ते चुकीचं होतं!"

"दसऱ्यापासून चुकीचं चाललं ना? माझा एक कप फुटला नाही."

"थोडा आवाज कमी करतो..."

"करा की!"

काकाने आवाज कमी केला. हवालदार कुजबुजायला लागले. आणखी कमी केला तर झोपलेच. "एवढ्या आवाजात ते फुलत नाहीत गं," काका केविलवाणं म्हणाला.

काकूने पुढे होऊन स्वतः खटका फिरवला. त्याच हळू आवाजात इराचे डबे मजेत गाऊ लागले. कप जागेवर, काच जागेवर, खालून इंटरकॉम नाही. काकूने लाटणं सोफ्यावर ठेवलं. "हे इथे राहतील. ते मोठे आतल्या खोलीत. गणपतीत काढा."

"काकू, ते माझे आहेत!"

"तू दुसरे कर. तुला येतंय ना?"

"आनि एक जोडी आमच्या भजनाला," आण्णांनी पालक उचलता उचलता सांगून टाकलं. "देवळातला भोंगा नुसता बोंबलतो."

इराने आईकडे पाहिलं. आईने बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते, पण मिशीखाली हसत होते.

"पैज तू हरलीस," आई म्हणाली.

"हरले."

"पण दोन जोड्या करायच्या म्हणजे जागा लागणार." आईने सुस्कारा सोडला. "तुळस मात्र हलणार नाही. आणि माझ्या साडीवर प्रोग्रेस दिसली, तर बघ!"

इराने ओरडून आईला मिठी मारली. तेवढ्यात काकू देवघरातून तबक घेऊन आली. हळदकुंकवाची वाटी, त्यात ओलं बोट. "नवी वस्तू घरात आली. पूजा नको?"

काकाने डाव्या पेटीवर झेप घेतली, इराने उजवीवर. दोघं पेट्यांच्या पाठी पोटाशी धरून एकसुरात ओरडले, "मागून नको!"

काकूचं बोट हवेतच राहिलं. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा पुतणीकडे. मग वाकून ते कुंकू इराच्या कपाळावर ठळकपणे टेकवलं.

बाबा चष्मा वर करून पुढे आले, लाडू बघावा तसं त्यांनी इराचं कपाळ जवळून पाहिलं आणि म्हणाले, "हां. हे बरोबर जागी लागलंय."