पान तेवढं जप्त

भिवराबाईंच्या गुडघ्यांसाठी मागवलेलं तेल देवगाव फाट्यापर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. कुरिअरवाला गावात येत नाही. सगळ्या गावाची पार्सलं तो फाट्यावर दत्तरावांच्या हॉटेलात टाकून जातो आणि दत्तराव ती चहा पिणाऱ्या प्रत्येकाला हलवून दाखवतात. त्या दिवशी चहा प्यायला जमादार बन्सीधर बसले होते. ते नुकतेच परभणीहून अंमली पदार्थांचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि आल्यापासून हद्दीत काहीतरी सापडावं अशी त्यांची मनापासून इच्छा होती. खोक्यावर पंजासारखं दातेरी पान छापलेलं होतं. जमादारांनी अर्धा चहा तसाच सोडला.

भिवराबाई सून बबिताला घेऊन चौकीत आल्या तेव्हा बाटली टेबलावर होती आणि जमादार तिच्यापासून जरा लांब बसले होते.

"मावशी, हे भांगेचं तेल हाय."

"बियांचं हाय," बबिता म्हणाली. "मोबाईलवर रीतसर मागवलंय. बंदी न्हाई त्याला."

"बी चालतंय," जमादारांनी प्रशिक्षण आठवलं. "पान परवान्यावर. फूल आलं की गुन्हा."

"एकाच झाडाचं?" भिवराबाईंनी विचारलं.

"एकाच."

"मंग झाडाच्या कमरेला नाका बसवलाय का तुमी?"

जमादारांनी या मुद्द्याची नोंद घेतली नाही. "बी असलं तरी चित्र पानाचं हाय."

"आगपेटीवर वाघ असतोय. काडी वढली की वाघ निघतोय का?"

"तपासणीला पाठवावं लागंल. कशाला परवानगी द्यायची, कशाला न्हाई, ते अजून वरती ठरायलंय."

"माझे गुडघे वरती न्हाईत बाबा, खाली दुखायलेत."

गुडघ्यांचा प्रश्न साधा नव्हता. भिवराबाईंना मेंढरांमागं चालणं जमलं नाही तर दिवाळीनंतर कळप विकायचा, असं घरात ठरलं होतं. ठरवताना भिवराबाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे त्यांनीही कुणाला न विचारता ठरवलं होतं, की कळप विकायचा नाही.

"म्हंजी असल्या पानावर जप्ती हाय," उठताना त्यांनी विचारलं.

"असं पान दिसलं की जप्त. कुणाचंबी असो."

"शब्दाला पक्का राहा."

दुसऱ्या दिवशी भिवराबाई चौकीसमोर टेम्पोतून उतरल्या. मागून बबिता मेंढरं हाकत आली. टेम्पोत अंबाडी होती. कापसाच्या बांधाला, परसात, उकिरड्यापाशी, गावात जिथं जिथं अंबाडी होती तिथली पेंढी बायांनी हौसेनं पाठवली होती. पान पंजासारखं, दातेरी.

"मावशी, ही अंबाडीची भाजी हाय!"

"चित्र लावून बघ."

जमादारांनी खोकं पानाशेजारी धरलं. मग पान खोक्याशेजारी धरलं. दोन्हीकडून उत्तर सारखंच आलं.

"गावानं गुन्हा कबूल केलाय," भिवराबाई बाकावर बसल्या. "कर जप्त."

"चव आंबट असती तिची. खाऊन सांगतो."

"मुद्देमाल खातूस?"

जमादारांनी तोंडाकडं नेलेलं पान खाली ठेवलं. नाइलाजानं व्हरांड्यात पेंढ्यांचा ढीग लागला. तो नीट लागेपर्यंत मेंढरं सावलीला म्हणून व्हरांड्यात आली. जमादार आत काठी शोधायला गेले. काठी घेऊन बाहेर आले तेव्हा मुद्देमालाची फक्त दोरी उरली होती.

"आत्याबाई, घेऊन जाऊ का मेंढरं?" बबितानं विचारलं.

"कशी नेतीस? पुरावा पोटात हाय त्यांच्या. जमादार, सांभाळ. सांजच्याला कोकरांना पाजायला विसरू नको."

जमादार घाबरून मेंढरांकडं बघत राहिले. एक मेंढी भिंतीकडं तोंड करून उभी होती. दुसरी पहिलीकडं बघून तशीच उभी राहिली.

"मावशी... ह्यांला चढली का?"

"मेंढरं अशीच असतात."

हे खरं होतं, आणि तपासाच्या दृष्टीनं वाईट होतं.

भूक लागली तेव्हा जमादारांनी सवयीनं डबा उघडला. लसणाच्या फोडणीचा आंबटसर वास चौकीभर पसरला. भिवराबाईंनी मान लांब केली.

"जमादार, पान कंचं हाय ते?"

जमादारांनी झाकण लावलं. मग त्यांनी बाटली उचलली आणि बाकावर आणून ठेवली.

"मावशी, मेंढरं घेऊन जावा."

"जाते की. गुडघे तर चालू दे." भिवराबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, तिथंच बाकावर बाटलीचं सील फोडलं आणि सावकाश तेल चोळायला घेतलं. चोळता चोळता त्या म्हणाल्या, "जेव बाबा तू. उपाशी राहू नको. पान तेवढं बाजूला काढून खा."

जमादारांनी झाकण उघडून पाहिलं. पान सोडलं तर डब्यात लसणाच्या दोन पाकळ्या होत्या.