गळती : चालू स्थितीत

पेशंट खुर्चीत आ वासून बसला होता, डॉक्टरांच्या हातातलं ड्रिल फिरत होतं, आणि नेमके तेव्हाच दवाखान्याचं दार ढकलून सासरे आत आले. एका हाताने त्यांनी तोंड झाकलं होतं. दुसऱ्या हातातल्या रुमालात त्यांच्या वरच्या कवळीचे दोन तुकडे होते.

"बेफिनमध्ये पडली," ते म्हणाले.

"बसा बाबा. उद्यापर्यंत जोडून देतो."

"उद्या काय कामाची? बिफ्किटवाल्या काकू आज येताहेत!"

पेशंटने डोळे फिरवून सासऱ्यांकडे पाहिलं. डॉक्टरांनी ड्रिल बंद केलं.

सासरे गावातल्या वस्तुसंग्रहालयाचे अध्यक्ष होते. आधीचे सचिव मुलीकडे राहायला गेले तेव्हा "फक्त सह्या करायच्या असतात" असं सांगून त्यांनी जावयाला त्या जागी बसवलं होतं. सह्या करता करता डॉक्टरांना कळलं की संग्रहालयाचं छप्पर ठिकठिकाणी गळतंय, नगरपालिकेने नोटीस दिली आहे आणि वर्षभरात छप्पर बदललं नाही तर इमारतीला टाळं लागणार आहे. मग निधी उभारण्याची मोहीम सुरू झाली. मोहिमेला एक सल्लागार होता. तो म्हणाला, पहिला टप्पा 'शांत टप्पा'. त्यात मोठ्या देणगीदारांना गाठायचं, गावात गाजावाजा करायचा नाही. डॉक्टरांनी त्यातला 'शांत' हा शब्द तेवढा लक्षात ठेवला होता.

बिस्किटांचा कारखाना चालवणाऱ्या काकू हे त्या टप्प्यातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. त्या हो म्हणाल्या तर निम्मं छप्पर तयार, नाही म्हणाल्या तर टाळं.

"मी अफा बोलू फकत नाही," सासरे म्हणाले. "जावईबापू, तुम्हीच फिरवा त्यांना."

"मी? मला दाढांपलीकडे काही समजत नाही हो!"

"फोपं आहे. फगळं दाखवा. आणि मुख्य म्हणजे, गळतीचं बोल, न विफरता!"

घाईत अरेतुरेवर आलेल्या सासऱ्यांना म्हणायचं होतं, गळतीचं बोल, न विसरता. डॉक्टरांनी ऐकलं, गळतीचं बोलणं विसर आता. त्यांना ते पटलंही. शांत टप्पा आहे, तर गळतीचा बोभाटा कशाला करायचा? त्यांनी मान हलवली, सासरे कवळीचे तुकडे टेबलावर ठेवून घरी गेले आणि ड्रिल पुन्हा फिरू लागलं.

संग्रहालयात पाहुण्यांसाठी जय्यत तयारी झाली होती. संग्रहपाल बाई एका परिषदेला परगावी गेल्या होत्या, म्हणून सगळं पहारेकरी काकांनी हौसेने केलं होतं. तिसऱ्या दालनावर गच्चीतली पाण्याची टाकी होती, त्यामुळे ते दालन बारा महिने गळायचं आणि थेंबाखाली कायम एक निळी प्लास्टिकची बादली असायची. मोठ्या माणसांसमोर ती बरी दिसत नाही म्हणून काकांनी कोठीतलं तांब्याचं एक मोठं भांडं काढलं, चिंचेने लख्ख घासलं, लाकडी चौरंगावर ठेवलं आणि कोणाचा पाय लागू नये म्हणून भोवती लाल दोर बांधला.

काकू आल्या त्या काठी टेकत, एकट्याच. पहिल्या दालनात तलवारी होत्या. काकूंनी त्यांच्याकडे नुसती नजर टाकली. दुसऱ्या दालनात नाणी होती. "आमच्याकडेही आहेत," त्या म्हणाल्या. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या दालनात मात्र त्या दोराजवळ थबकल्या.

टप्प. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा टप्प.

"हे काय आहे?"

डॉक्टरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. गळतीचं बोलणं विसर आता. "हे..." ते म्हणाले, "हे पाण्याचं घड्याळ आहे."

आपल्या तोंडून हे कुठून आलं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"अगंबाई! जुनं असेल."

"फारच. म्हणजे, बरीच वर्षं ठिबकतंय."

एवढं तरी खरं बोललो, याचं त्यांना जरा समाधान वाटलं. काकूंनी पहारेकऱ्याचं स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. त्या आणखी काही विचारतील या भीतीने डॉक्टर मागे सरकून भिंतीला टेकले. काकू ऐकत बसल्या. चेहरा हळूहळू सैल झाला, काठी मांडीवर आडवी झाली, डोळे मिटले. त्यांना झोप लागली की आणखी काही, या विचाराने डॉक्टर घाबरून नाडी बघायला पुढे झाले, तोच त्यांनी डोळे उघडले.

"किती दिवसांनी बरं वाटलं हो," त्या म्हणाल्या. "इमारतीच्या नूतनीकरणाचा निम्मा खर्च माझा. पण एक अट आहे. हे इथंच, असंच, कायम ठिबकत राहिलं पाहिजे. लेखी द्या मला."

रात्री डॉक्टर घरी पोचले ते निम्म्या छपराचे मानकरी होऊन. बायकोने कौतुकाने पाठ थोपटली. घड्याळाचं तिला सांगावं असं त्यांना दोनदा वाटलं, पण ती माहेरी फोन लावत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकूंनी अध्यक्षांना फोन करून घड्याळाची अट सांगितली, आणि कवळी बसवून सासऱ्यांनी विश्वस्तांची तातडीची सभा घेतली. "आपल्याकडे पाण्याचं घड्याळ आहे आणि मला आज कळतंय!" ते अभिमानाने म्हणाले. इतकी वर्षं अध्यक्ष असूनही ते पहिल्या दालनाच्या पुढे फारसे गेले नव्हते, कारण सत्काराची खुर्ची तिथेच असायची. ठराव मंजूर झाला, अट मान्य झाली, काकूंना पत्र गेलं. "सचिवांना दोन शब्द बोलायचेत?" असं विचारल्यावर डॉक्टर उभे राहिले, त्यांनी तोंड उघडलं आणि टाळ्या वाजल्या. मग ते बसले.

आठवड्याने संग्रहपाल बाई परत आल्या आणि सरळ दवाखान्यात शिरल्या. त्यांचा एकही दात दुखत नव्हता.

"आपल्याकडे पाण्याचं घड्याळ नाहीये."

"नाही ना?" डॉक्टर हळूच म्हणाले.

"ती गळती आहे. आणि ज्या भांड्यात ती पडते आहे ते जुनं आहे, नोंदवलेलं आहे, आणि चिंचेने घासलं म्हणून मला रडू येतंय!"

दोघं मिळून अध्यक्षांकडे गेले. सगळं ऐकल्यावर सासऱ्यांनी कवळी काढली, पुसली आणि परत बसवली. विचार करायची त्यांची ती पद्धत होती.

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना, गळतीचं बोल म्हणून!"

"तुम्ही म्हणालात, बोलणं विसर आता."

"न विसरता!"

"बाबा, तुम्ही 'विफरता' म्हणालात!"

"बरं, ते राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "काकूंना सांगायची गरज नाही. नवं छप्पर होऊ दे. त्यात एक गळती ठेवू."

आर्किटेक्टला बोलावणं गेलं. तो तरुण होता, हुशार होता, आणि पहिली काही मिनिटं त्याला ही गंमत वाटली.

"म्हणजे नवीन छप्पर करायचं, आणि ते गळलं पाहिजे?"

"एकाच ठिकाणी," अध्यक्ष म्हणाले. "बाकी कुठे गळता कामा नये. आपण काटेकोर आहोत."

"जुनी टाकी काढायची आहे. मग पाणी कुठून आणायचं?"

"छोटी टाकी ठेवा. वेगळी नळी द्या. थेंबाचा वेग हाच हवा."

आर्किटेक्टने कागदावर काही आकडे मांडले आणि खोडले. "साहेब, गळती थांबवायला लागला असता त्याच्या तिप्पट खर्च ती चालू ठेवायला येईल. आणि कंत्राटदार छपराची हमी देईल, पण गळतीची कशी देणार? उद्या गळली नाही तर जबाबदार कोण?"

"सचिव," अध्यक्ष म्हणाले.

डॉक्टरांना गरगरायला लागलं. गळलं तर बरोबर आणि नाही गळलं तर नादुरुस्त, हे डोक्यात बसवायचा ते प्रयत्न करत होते. तेवढ्यात संग्रहपाल बाई शांतपणे म्हणाल्या, "ठेवायची तर ठेवा. पण तिच्यावर 'पाण्याचं घड्याळ' अशी पाटी मी लावणार नाही. खोटी पाटी लावायची वेळ आली तर माझा राजीनामा घ्या."

बाईंशिवाय त्या इमारतीत एक मूर्तीही सरळ उभी राहिली नसती, हे अध्यक्षांनाही माहीत होतं. त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावई उठले.

काकूंच्या बंगल्यात डॉक्टर सोफ्याच्या कडेवर बसले. समोर कारखान्याच्या बिस्किटांची बशी आली. एक उचललं आणि हातातच मोडलं.

"काकू, ते पाण्याचं घड्याळ नाही. ती गळती आहे. छप्पर फुटकं आहे. आम्ही पैसे त्यासाठीच मागतोय. मला काही सुचेना म्हणून मी घड्याळ म्हणालो."

काकूंनी हातातली काठी बाजूला ठेवली.

"म्हणजे मी अर्धी दुपार गळतीपुढे बसले होते?"

"हो."

"डोळे मिटून?"

"हो. मला वाटलं, तुम्ही..." नाडीचं त्यांनी सांगितलं नाही. "माफ करा. देणगी परत घेतलीत तरी आम्ही काही म्हणणार नाही."

"फसवलंत तुम्ही मला," काकू म्हणाल्या. त्या खरोखर दुखावल्या होत्या आणि ते बघून डॉक्टरांना बिस्किटाच्या चुऱ्यात तोंड लपवावंसं वाटलं. काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग काहीसं कोडं पडल्यासारखं त्या म्हणाल्या, "पण बरं वाटलं होतं हो मला. ते काही खोटं नव्हतं."

"नसणार."

"कारखाना, घर, नातवंडं, सगळीकडे नुसता कल्ला. तिथे एक थेंब पडायचा आणि दुसरा पडेपर्यंत मला काही काम नसायचं." त्यांनी बशी पुढे सरकवली. "मी पैसे घड्याळाचे दिले नव्हते. बरं वाटलं त्याचे दिले होते. अट तीच. गळती राहू द्या. फक्त तिला गळती म्हणा."

डॉक्टर खरं बोलून मोकळे व्हायला आले होते. परत निघाले तेव्हा गळती तशीच गळ्यात होती.

नवं छप्पर झालं. कंत्राटदाराने आयुष्यात पहिल्यांदा गळती मुद्दाम केली आणि ती पहिल्याच दिवशी गळेना, इतकं काम पक्कं झालं होतं. शेवटी डॉक्टर स्वतः गच्चीवर चढले आणि नळीचं तोंड त्यांनी दवाखान्यातल्या बारीक ड्रिलने कोरलं. खाली उभ्या काकू ऐकून सांगत होत्या, "अजून थोडं... आता घाई होतेय... हां, बास!" संग्रहपाल बाईंनी पाटी लावली : 'गळती. चालू स्थितीत. मुद्दाम ठेवलेली आहे.' भांडं बदललं आणि ते चिंचेने घासायचं नाही अशी ताकीद दिली. काकू दर आठवड्याला येऊन स्टुलावर बसू लागल्या.

अडचण एवढीच होती की पाट्या कोणी वाचत नाही. संग्रहालय पुन्हा उघडलं तसे लोक येऊ लागले. तलवारी बघायचे, नाणी बघायचे, तिसऱ्या दालनात थबकून वर बघायचे आणि हळहळायचे. "बघा हो, एवढा खर्च केला बिचाऱ्यांनी, तरी गळतंय!" जाताना दाराशेजारच्या देणगीपेटीत काही ना काही टाकायचे. पहारेकरी काका प्रत्येकाला समजावून थकले. "अहो, मुद्दाम गळतंय ते!" असं म्हटलं की लोकांना जास्तच दया यायची आणि आणखी एक नोट पडायची.

पुढच्या सभेआधी पेटी उघडली. पहिल्यांदा मोजलं तेव्हा कोणाचा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजलं. इतकी वर्षं त्या पेटीत जमलं नव्हतं तेवढं दोन महिन्यांत जमलं होतं.

"हे पैसे लोकांनी गळती बंद करण्यासाठी दिलेत," संग्रहपाल बाई म्हणाल्या. "ती तर बंद करता येत नाही. आता याचं काय करायचं?"

सगळे सचिवांकडे बघू लागले. आपण पेशंटला भूल देतो तेव्हा त्याला कसं वाटत असेल, ते डॉक्टरांना पहिल्यांदाच कळलं. अध्यक्षांनी कवळी काढली, सावकाश पुसली आणि परत बसवली.

"जावईबापू," ते म्हणाले, "आपलं चौथं दालन फारच कोरडं वाटतं, नाही?"