खंडेनवमीची तपासणी

आमच्या माजिवड्याच्या गोडाऊनमध्ये डोकं चालवणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! फोर्कलिफ्टची वार्षिक सुरक्षा तपासणी आली की लोक आठवडाभर मशिन घासत बसतात. मी तपासणीची तारीखच खंडेनवमीची घेतली. त्या दिवशी आमचा ड्रायव्हर जगन फोर्कलिफ्टला पोटच्या पोरीसारखी न्हाऊमाखू घालतो. फुकटात लख्ख मशिन, डोळे झाकून पास!

आणि पास होणं भागच होतं. कल्याणच्या नव्या गोडाऊनला इन्चार्ज हवा होता. कल्याणशेजारच्या मोहन्याहून रोज माजिवडा गाठताना माझा जीव मेटाकुटीला आलेला. मालक म्हणाले होते, तपासणी नीट पार पाड, कल्याण तुझं. माझ्या बायकोने, ऋजुताने, ही बातमी सोसायटीभर सांगूनही टाकलेली.

तपासनीस सुमतीबाई कर्णिक वेळेवर आल्या. फोर्कलिफ्टला झेंडूच्या माळा, हळदकुंकू, माल उचलायच्या दोन्ही फोर्कवर आडवं ताट, ताटात नारळ आणि वर छोटासा मांडव. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "छान. आता चालवून दाखवा."

जगन जागचा हलेना.

"साहेब, पूजेला बसलीय ती. उद्या सोनं वाटल्याशिवाय मी हात लावणार नाय."

मी कपाळावर हात मारला. खंडेनवमीला मशिनं धुतात हे बरोबर आठवलं होतं. त्या दिवशी ती चालवत नाहीत, हे साफ विसरलो होतो! मी जगनला चहा पाजला, शपथा घातल्या, पण तो ढिम्म. पुढची तारीख बाईंनी थेट डिसेंबरातली सांगितली. तोवर कल्याण दुसऱ्याच्या घशात गेलं असतं.

"मी चालवतो," मी म्हणालो. कार येते की मला, त्यात काय एवढं!

वर चढलो, देवीचं नाव घेतलं, किल्ली फिरवली आणि हाताला लागला तो दांडा ओढला. फोर्क वर निघाले. त्यांच्यासोबत ताट निघालं, माळा निघाल्या आणि माळांना बांधलेला मांडवही निघाला. नारळ घरंगळला तो टणकन सुमतीबाईंच्या हेल्मेटवर! बाई दोन पावलं मागे सरल्या आणि शांतपणे लिहू लागल्या. लिफ्ट चालू, हेल्मेट मजबूत.

घाबरून मी दुसरा दांडा ढकलला. मशिन सुसाट मागे! स्टिअरिंग फिरवलं तर तिची पाठ भलतीकडेच वळली. ही बया मागच्या चाकांवर वळते, हे मला कोण सांगणार? मी हॉर्न दाबूनच धरला, हमाल वाट फुटेल तिकडे पळाले, आणि मालकांच्या नव्या गाडीपासून वीतभर अंतरावर ब्रेक लागला. गाडीत मालक बसलेले होते.

बाईंनी हॉर्न आणि ब्रेकपुढेही खूण केली. फोर्कलिफ्ट पास! मी तर नाचायचाच बाकी होतो.

तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे चालकाचा परवाना मागितला. माझ्याकडे नव्हताच. त्या मालकांकडे वळल्या.

"मशिनमध्ये काही दोष नाही. वर बसलेल्या माणसात आहे."

मालक गाडीतून खाली उतरले. मग बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी घरी पोचलो तर ऋजुता पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारातच उभी.

"झालं का कल्याण?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हणालो आणि पेढा तोंडात टाकला.

खोटं नाही हो बोललो. फोर्कलिफ्ट सुरक्षेचे वर्ग कल्याणलाच भरतात. मालकांच्या हुकमावरून दर रविवारी जायचंय.