हात पाठीला, नजर पत्र्याला

आमच्या मंडळीत पास्टर बदलले, पेटी जाऊन कीबोर्ड आला, सभा जुन्या पत्र्याच्या शेडमधून राहनाळच्या गोडाउनमध्ये गेली. पण माणूस पडला की झेलायला शमुवेलच.

पडला म्हणजे, उज्जीवन सभेत पास्टर कपाळावर हात ठेवतात आणि पवित्र आत्म्याच्या स्पर्शाने माणूस मागे कोसळतो, तसा. शमुवेल आठवडाभर दापोड्याला ट्रकमधून गठ्ठे उतरवायचा, रविवारी विश्वासणारे. "बाई, गठ्ठा काय नि मानूस काय, आपटला न्हाय पायजे," एवढंच त्याचं धर्मशास्त्र. खरं पडणाऱ्याच्या पायाचे अंगठे आधी उचलतात, म्हणायचा. अंगठे उचलले, की "हात पाठीला, नजर पत्र्याला!" बाईमाणसाकडे बघायचं नाही म्हणून हा नियम, असं आम्ही कौतुकाने सांगायचो.

मीही पडले आहे. बाविसाव्या वर्षी, नव्या जॉर्जेटमध्ये. आधी वळून सतरंजी स्वच्छ आहे ना ते पाहिलं, निऱ्या मुठीत धरल्या आणि मग प्रभूला शरण गेले. पडल्या पडल्या एक डोळा किलकिला करून पेटीवाल्याने पाहिलं का, तेही बघून घेतलं. (नव्हतं पाहिलं. पुढे त्याच्याशी लग्न केलं, तेव्हाही त्याचं लक्ष पेटीतच.) वर प्रभूने मला स्पर्श केला म्हणून अर्धा तास साक्ष दिली. बायका रडल्या. मीही रडले, स्वतःचंच ऐकून.

आताचे पास्टर माझ्या नातवाच्या वयाचे. ड्रम, मोठा स्क्रीन, धूर सोडणारं मशीन. तरुण पोरं पडत नाहीत, उड्या मारतात. परवा पास्टर म्हणाले, "अंकल, पुढच्या उज्जीवनात झेलायची गरज नाही. तुम्ही आता खुर्चीत बसा."

"हां, बरोबर हाय," शमुवेल म्हणाला, आणि सभा संपेपर्यंत त्या रिकाम्या खुर्चीच्या मागे हात पुढे करून उभा राहिला.

नंतर माझ्याकडे आला. "बाई, ड्युटी संपली म्हनून इचारतो. मी जलमभर सगल्यांच्या मागं उभा ऱ्हायलो. माझ्या मागं कोन नवताच, म्हनून पुढं कदी गेलोच न्हाय. तुमी पडला व्हता. कसं वाटतं वो?"

अर्ध्या तासाची ती साक्ष मी एका वाक्यात मागे घेतली.

"शमुवेल, मी नाटक केलं होतं."

"ते म्हाईत हाय. अंगठे कुटं उचलले तुमी! पन वाटलं कसं?"

"देवाचं काही कळलं नाही रे. पाठीला हात लागला, तेवढं कळलं."

मी गुडघ्यांना न विचारता उठले आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. "चल, पड."

"येड्या का काय, बाई! हाडं मोडतील."

"कुणाची?"

"दोगांची."

तरी त्याने डोळे मिटले. पडला नाहीच. पोतं भिंतीला टेकावं तेवढाच मागे रेलला. मी दोन्ही हात त्याच्या पाठीला लावले आणि नियमाप्रमाणे वर पाहिलं. गोडाउनच्या पत्र्याच्या सांध्यातून उजेडाची एक बारीक रेघ आत येत होती. इतकी वर्षं हा तिकडे प्रभूची वाट बघत होता, आणि आम्ही समजत होतो, बुवा लाजतो.