तीस पानांचा कॅट

जाधवभाऊंच्या घरी कोणी आलं की पाणी विचारण्याआधी त्याला मोरीत हात धुवायला पाठवलं जातं. साबणाने, मनगटापर्यंत. मग पंख्याखाली दोन मिनिटं बसायचं. ही दोन मिनिटं भाऊ भिंतीवरच्या घड्याळात मोजतात. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसालाही त्यांनी एकदा असं बसवलं होतं. तो बिचारा दोन्ही हात पंख्याकडे धरून बसला आणि शेवटी रीडिंग न घेताच निघून गेला.

एवढं झाल्यावर फळीवरचा स्टीलचा डबा खाली येतो. तळाशी दोन पसे कोरडे तांदूळ, त्यावर फडकं, फडक्यावर पत्ते. आपले नेहमीचेच, खेळायचे पत्ते. महाडच्या हवेत पापड दोन दिवसांत मऊ पडतो. तांदूळ ओल ओढून घेतात, असं भाऊंचं म्हणणं. फळीची उंचीही हिशेबाने ठरलेली आहे. मी त्यांचा शेजारी, पाटबंधारे खात्यात कारकून, नदीच्या पातळीचे आकडे रोज माझ्या हातून जातात. मोठ्या पुराची रेघ भाऊंच्या भिंतीवर अजून दिसते. फळी तिच्यावर किती घ्यावी, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "तीन फूट पुरे." त्यांनी पाच घेतले. आता डबा काढायला स्टूल लागतं. भाऊंचं वय एकाहत्तर.

पान हातात देताना ते आपल्याला खिडकीशी नेतात.

"चित्र नंतर बघा. आधी दाब बघा, दाब!"

दाब म्हणजे कडेचा खोलगट ठसा. बोट फिरवलं तर लागतो. हे पत्ते छापखान्यातले नाहीत. बिरवाडीत धोंडूआबा म्हणून एक कारागीर आहेत, मूळचे कुडपणचे. मुंबईत त्यांनी छापखान्यांसाठी जस्ताचे ब्लॉक केले. तो धंदा बसला तेव्हा गावाकडे आले आणि एका खोलीत हे सुरू केलं. जस्ताच्या पत्र्यावर मेण चढवायचं, सुईने चित्र कोरायचं, पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. जिथे मेण खरवडलं तिथे ॲसिड खातं. त्या रेघांत शाई भरायची आणि ओलसर कागदासकट पत्रा उसाच्या चरकासारख्या यंत्रातून काढायचा. एका पानाला एक महिना.

आबा पुस्तकातले राजे काढत नाहीत, ओळखीची माणसं काढतात. किलवरचा राजा हुबेहूब आमच्या नाक्यावरचा केशकर्तनवाला आहे. इस्पिकचा गुलाम चष्मा लावून हातात फूटपट्टी धरून उभा आहे. तो मी. भाऊंना विचारलं तर म्हणाले, "तसं काही नाही रे मोहन. दाब बघ."

तर असं महिन्याला एक पान जमत होतं. मी मोजत होतो, कारण बिरवाडीला माझ्याच स्कूटरवर जावं लागे. एकोणतीस पानं झाली तेव्हा मी डब्यासमोर बसून ती रांगेने मांडली आणि मला दोन गोष्टी खटकल्या.

पहिली ही, की लहान पानं नव्हतीच. चारही रंगांच्या अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत अठ्ठावीस, वर इस्पिक सत्ती. दुर्री, तिर्री, पंजी, काही नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. प्रत्येक पानाची पाठ वेगळी होती. एकीवर चहाच्या कपाचं अर्धं वर्तुळ, एकीवर उदबत्तीने पडावा तसा ठिपका, एकीवर घडीची रेघ. आणि हे डाग नव्हते. आबांनी सुईने कोरलेलं होतं, भाऊंनी सांगितलं तसं.

"भाऊ, हे खुणांचे पत्ते झाले. ह्यांच्यावर खेळणं म्हणजे फसवणूक."

"हो," भाऊ म्हणाले आणि पानं गोळा केली.

त्याच आठवड्यात आम्ही बिरवाडीला गेलो. आबांची मुलगी त्यांना महिन्याभराने मुंबईला नेणार होती, डोळ्यांच्या ऑपरेशनला. परत आल्यावर सुई धरता येईल की नाही, त्यांनाच ठाऊक नव्हतं. म्हणजे भाऊंना आणखी एकच पान मिळणार होतं.

"बदाम सत्ती द्या," भाऊ म्हणाले. "पाठ कोरी चालेल. पण एक कोपरा तोडलेला पाहिजे. दाताने तोडल्यासारखा."

आबांनी चष्मा कपाळावर नेला. "भाऊ, आजवर काय बोललो नाय. बावन्न पानांना पाठीचा ब्लॉक येकच लागतो. तुमच्या एकोणतीस पानांना एकोणतीस केले. चहा सांडलेला कोरला, उदबत्ती कोरली. लोक म्हनतात, आबाला दिसत नाय आता. पन कोपरा तोडायचा नाय. सरळ कोपऱ्यासाठी मी जल्मभर मार खाल्लाय उस्तादाचा."

"एक कोपरा, आबा."

"नाय म्हंजे नाय. ज्यानं तोडला हाय त्यालाच सांगा."

"ती नाही आता," भाऊ म्हणाले.

आबा यंत्राच्या मुठीवरची शाई पुसत राहिले.

परतताना भाऊ स्कूटरवर मागे बसून बोलले. समोरासमोर बहुधा बोलले नसते. सुमनवहिनींना जाऊन तीन वर्षं झाली. त्या असताना रोज दुपारी दोन वाजता भिंतीपलीकडून पत्ते आपटल्याचा आवाज यायचा. सुट्टीच्या दिवशी माझी झोप त्यानेच मोडायची. दोघं सात-आठ खेळत. दोघांचाच खेळ, त्याला तीसच पानं लागतात: अठ्ठीपासून वरची सगळी आणि दोन सत्त्या. पंधरा हात होतात. हुकूम बोलणाऱ्याने आठ करायचे, दुसऱ्याने सात. लग्नातला कॅट होता तो. इतका जुना झाला की दोघांनाही प्रत्येक पान पाठीवरून ओळखू येई. बदाम सत्तीचा कोपरा वहिनींनी एकदा रागाने चावून तोडला होता. पुरात तो कॅट गेला. भाऊंनी नवा आणला, पण वहिनींनी दोन डाव खेळून तो बाजूला ठेवला. म्हणाल्या, "हे पत्ते आपल्याला ओळखत नाहीत." त्यानंतर वर्षभरात त्या गेल्या.

"पण दोघांना सगळी पानं दिसत असतील तर खेळ कसला?" मी विचारलं. मला खरोखरच कळत नव्हतं.

"तेच तर," भाऊ म्हणाले, आणि मला खड्डा चुकवायला सांगितला.

मुंबईला निघण्याच्या आदल्या दिवशी आबा स्वतः सहा आसनी रिक्षाने आले. हात धुतले, दोन मिनिटं पंख्याखाली बसले. मग वर्तमानपत्राच्या घडीतून पान काढलं. बदाम सत्ती. पाठ कोरी. चारही कोपरे सरळ.

"तिचा दात मला कसा कोरता येईल?" आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे अख्खं."

भाऊंनी बराच वेळ कोपऱ्यावर अंगठा फिरवला. मग म्हणाले, "दाब चांगला आलाय."

त्या रविवारी त्यांनी मला दुपारी दोनला बोलावलं आणि पहिल्यांदाच पानं पिसली. मी हुकूम बोललो, बदाम. मला आठ हात करायचे होते. तेरा हात झाले तेव्हा माझे सात होते, त्यांचे सहा. माझ्याकडे दोन पानं उरली: बदाम सत्ती आणि चौकट नव्वी. उतारी त्यांची. त्यांनी किलवर एक्का टाकला. किलवर माझ्याकडे नव्हतं, मी सत्तीने मारला. आठ झाले. मग माझी नव्वी त्यांनी बदाम अठ्ठीने घेतली. त्यांचे सात.

"सात-आठ," भाऊ म्हणाले. "कोणी कोणाचं देणं नाही." आणि पानं फडक्यात ठेवायला लागले.

घरी येऊन मी साध्या पत्त्यांवर तो शेवट पुन्हा मांडला. त्यांनी आधी बदाम अठ्ठी टाकली असती तर हुकमावर हुकूम म्हणून मला सत्ती द्यावीच लागली असती. पुढचा एक्काही त्यांचाच. मी सातावर अडकलो असतो. पोरालाही कळेल असा हिशेब आहे. आणि एकोणतीस खुणांच्या पाठींत एकच पाठ कोरी होती, ती माझ्या हातात त्यांच्याकडे तोंड करून होती. सत्ती माझ्याकडे आहे हे त्यांना दिसत होतं. वहिनींचीही पानं त्यांना अशीच दिसत असणार, आणि वहिनींना त्यांची.

पुढच्या रविवारी पावणेदोनला मी घरीच हात धुतले, मनगटापर्यंत, आणि पंख्याखाली दोन मिनिटं बसून मग त्यांच्याकडे गेलो.