बसंतीच्या लोणच्याची बरणी

बरणी रिकामी झाली ते तुलसीरामाला मंगळवारी कळले, आणि त्याच्या बायकोचे, बसंतीचे, वर्षश्राद्ध रविवारवर आले होते. तिच्या हातचे तेवढेच लोणचे उरले होते. वर्षश्राद्धाच्या पानावर तेच वाढणार, असे त्याने मॉरिशसमधल्या सगळ्या कांप दे मास्क गावाला छातीठोकपणे सांगून ठेवले होते.

चूक त्याचीच. शनिवारी भजनानंतर देवळात फ्रेंच वर्तमानपत्र वाचून मराठीत सांगायचे काम त्याचे. असे दुसऱ्या कुणाला जमत नाही, असे त्याचे स्वतःचे मत होते. त्या शनिवारी बातमी होती: जुने आंब्याचे लोणचे रोज चमचाभर खावे, रक्तदाब उतरतो. एका डॉक्टरने सात जणांवर प्रयोग केला आणि सातही सुधारले. त्यातला एक प्रयोगाआधीच वारला होता, तोही सुधारला.

"मेलेला कसा सुधारला?" चंद्रमोहनने विचारले. तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर, त्यामुळे संशयी.

"शास्त्र आहे ते," तुलसीराम म्हणाला. "आणि आमचं लोणचं पाच वर्षांचं आहे."

हे शेवटचे वाक्य वर्तमानपत्रात नव्हते.

रविवारी सकाळी दारात अकरा माणसे, हातात वाट्या. सगळ्यांत पुढे चंद्रमोहन. औषध म्हणून मागितलेल्या वस्तूला नाही म्हणू नये, असे बसंती म्हणायची. तुलसीरामाने खुर्ची मांडली, चमचा घेतला आणि जाता जाता नाडीही बघू लागला. सोमवारी फ्लाक गावाहून बैलगाडी भरून माणसे आली. एका म्हातारीने दोन चमचे नेले, एक स्वतःला, एक गाईला. मंगळवारी चमचा तळाला वाजला.

त्याच दिवशी वर्तमानपत्राने माफी मागितली. डॉक्टरने तो लेख पहिल्या एप्रिलला मित्रांना हसवायला लिहिला होता; संपादकांनी तो खरा धरला. गावाचा रक्तदाब वाढला तो तेव्हा.

बसंतीची धाकटी बहीण जमुना म्हणाली, कच्चे आंबे आता ऑक्टोबरशिवाय नाहीत, बिलिंबीच्या आंबट फळांचे घालावे लागेल. मी घालू का, असेही तिने विचारले.

"मी घालतो," तुलसीराम म्हणाला. "सव्वीस वर्षं खाल्लंय. लोणच्यात असतं काय एवढं?"

त्याने झाडाखाली बसून टोपलीभर बिलिंबी चिरली, मोहरी कुटली, तेल कडकडीत तापवले.

"दाजी, मीठ किती?" जमुनाने विचारले.

तुलसीरामाने मूठभर मीठ उचलले आणि परत ठेवले. सव्वीस वर्षांत हे त्याने बसंतीला एकदाही विचारले नव्हते.

आज शनिवार. तेल केव्हाच गार झाले. मीठ अजून घालायचे आहे.